गांभीर्याचे वेळापत्रक

१

मराठी वाङ्मयव्यवहारात चर्चेची एक अघोषित प्रतवारी रूढ आहे. परिसंवाद, चर्चासत्र, व्याख्यानमाला आणि ग्रंथपरीक्षण यांची गणना गंभीर चर्चेत होते. कट्टा, चहाचे टेबल, संमेलनाच्या मांडवामागची बैठक, परतीच्या प्रवासातील बोलणे यांना गप्पा म्हटले जाते. पहिलीला वेळ 'द्यायचा' असतो, दुसरीत वेळ 'जातो'. क्रियापदांतला हा फरक निरागस नाही. गप्पा मारतात, हाणतात, ठोकतात, छाटतात. चर्चा मात्र घडवून आणतात. एक शब्द संस्कृतातून आलेला, 'चंदनचर्चित' या समासातल्या लेपनाच्या अर्थाशी नाते सांगणारा. दुसऱ्याचे मूळ फारसी 'गप'मध्ये. शब्दांच्या कुळाप्रमाणे त्यांनी दाखवलेल्या व्यवहारांचीही कुळे ठरून गेलेली दिसतात.

या प्रतवारीतूनच एक प्रश्न वारंवार विचारला जातो. एखाद्या वाङ्मयमंडळाने, अभ्यासगटाने किंवा पदव्युत्तर विभागाने आपला किती वेळ गंभीर चर्चेला द्यावा आणि किती वेळ हलक्याफुलक्या बोलण्यात घालवावा? प्रश्न व्यवहारचतुर वाटतो. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, गप्पांनी विचाराचा ऱ्हास केला. कोणी म्हणतो, गप्पांनीच विचार जिवंत ठेवला. दोन्ही उत्तरांना एक गृहीतक समान आहे: गांभीर्य हा विशिष्ट वेळेचा आणि विशिष्ट स्थळाचा गुणधर्म आहे, सभागृहात शिरले की ते लाभते आणि बाहेर पडले की गळून जाते. हे गृहीतकच तपासून टाकून देण्याच्या योग्यतेचे आहे.

त्याला संस्थात्मक बळ मिळालेले आहे, हेही विसरून चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या कामाची गुणांकांत मोजणी सुरू केली. तीत आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाला १० आणि राज्यपातळीवरील निबंधाला ५ गुण ठेवले गेले. निबंधाने कोणाचे मत बदलले, कोणता प्रश्न त्याच्यावर उभा राहिला, तो प्रश्न विचारणाऱ्याला काय उत्तर मिळाले, यांसाठी रकाना नव्हता. पुढे २०१८ मध्ये विनियम बदलले, परंतु मोजणीची सवय नियमाबरोबर जात नाही. गांभीर्य म्हणजे प्रमाणपत्रावर नोंदवता येणारी उपस्थिती, ही समजूत त्या सवयीने पक्की केली.

२

ज्या भाषेचे आद्य गद्य संभाषणांच्या नोंदीतून उभे राहिले, त्या भाषेत ही प्रतवारी इतकी बळकट व्हावी, हे विशेष होय. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' हे काही तत्त्वज्ञानाचे प्रबंधलेखन नव्हे. चक्रधरांचे चालणे, बसणे, जेवणे, वाटेत भेटलेल्यांशी बोलणे, शिष्यांच्या रुसव्याफुगव्यांवर केलेली टिप्पणी यांच्या आठवणी तेथे एकामागून एक येतात. नंतर केशिराजबासांनी त्याच वचनांतून 'सूत्रपाठ' वेगळा काढला. आज सूत्रपाठाला शास्त्र म्हटले जाते आणि लीळांना चरित्र. पण सूत्र आधी आणि प्रसंग मागून असा क्रम नव्हता. कोणी तरी काही तरी विचारले, बहुधा अवेळी विचारले, म्हणून वचन उच्चारले गेले. महदाइसा हिची ख्याती या परंपरेत चौकस म्हणून आहे. ती सतत विचारणारी आहे. तिच्या प्रश्नांतला कोणता प्रश्न गंभीर आणि कोणता फावल्या वेळचा, याची विभागणी म्हाइंभटाने केली असती, तर मराठीचा पहिला गद्यग्रंथ निम्म्याहून कमी उरला असता.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदीच्या पद्धतीची आहे. म्हाइंभटाने ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढील महानुभाव परंपरेने एकाच प्रसंगाचे भिन्न पाठ 'वासना' म्हणून, ज्याचा त्याच्या नावाने, जतन केले. बोलणे सैल असेल. बोलण्याची जबाबदारी सैल नव्हती. कोण म्हणाले, कोणी वेगळे सांगितले, हे त्या नोंदीत शिल्लक राहते. मराठीत चर्चेचे शास्त्र शोधायचे, तर त्याचा आरंभ येथे सापडतो.

एकोणिसाव्या शतकातही मोठे वाद संभाषणाच्या रूपातच उभे राहिले. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ची मांडणी जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवाल-जबाबांतून केली. धोंडीबा शंका काढतो, चकित होतो, मध्येच तोडून विचारतो. इतिहासाची उलटतपासणी करणाऱ्या ग्रंथाला ओट्यावरच्या बोलण्याची लय स्वीकारावीशी वाटली, यामागे वाचक कोण आहे याची नेमकी जाण होती. उलट, १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेली ग्रंथकारांची सभा हे गंभीर चर्चेचे नवे अधिकृत स्थळ होते. १८८५ च्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. मानवी हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही, त्यांच्या सभांशी आपल्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्या पत्राचे सार आहे. आज सभेपेक्षा ते पत्र अधिक वाचले जाते. ज्याला सभा म्हटले होते तेथे कोणते निबंध वाचले गेले, हे विशेषज्ञच सांगू शकतील. जे पत्र सभेच्या बाहेरून, चढ्या आणि चिडक्या बोलभाषेत आले, त्याने मात्र मराठी साहित्याच्या प्रातिनिधिकतेचा प्रश्न कायमचा नोंदवून ठेवला.

मराठी निबंधाची घडणही याला अपवाद नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त डॉ. जॉन्सनवर विस्ताराने लिहिलेले आहे. जॉन्सन कोशकार होता, समीक्षक होता. पण बॉझवेलने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळे तो जगाला परिचित आहे तो मुख्यतः बोलणारा म्हणून. मराठी गद्याला प्रौढत्व देऊ पाहणाऱ्या निबंधकाराला हा बोलघेवडा पंडित इतका जवळचा वाटावा, याचा विचार निबंध म्हणजे गंभीर आणि बोलणे म्हणजे उथळ असे मानणाऱ्यांनी करायला हवा.

३

या विभागणीचा फोलपणा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो रविकिरण मंडळाच्या उदाहरणात. १९२३ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रांचे होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी जमत, कविता वाचत, एकमेकांना सुधारत. त्यांच्या काव्यगायनाने कविता सभागृहात आणि घराघरांत ऐकण्याची गोष्ट झाली. मंडळाच्या वेळेचा हिशेब मांडायचा, तर चहा किती आणि छंदशास्त्र किती असे कोष्टक करावे लागेल. परंतु याच मंडळातील माधव जूलियनांनी 'छंदोरचना' हा ग्रंथ लिहिला, 'फार्शी-मराठी कोश' रचला आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. मिळवली. वृत्तांच्या लगक्रमाची इतकी काटेकोर चिकित्सा करणाऱ्याचा कान केवळ ग्रंथालयात तयार झाला, असे कोण म्हणेल? कविता मोठ्याने वाचली जाते, समोरचा माणूस एखाद्या यतिभंगाला हसतो, तेव्हा छंदाचा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहतो.

आणि या मंडळाची परखड समीक्षा कोणी केली? प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने, १९२५ च्या 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात. त्या काळच्या कवितेतील फारसी शब्दांची हौस, उसने अश्रू, प्रेमाची ठरावीक भाषा, यमकासाठी केलेली ओढाताण यांवर त्या संग्रहाने जे दाखवून दिले, ते तत्कालीन परीक्षणांच्या सभ्य भाषेला दाखवता आले नाही. विडंबनकाराला मूळ कवितेची रचना आतून कळावी लागते. एखाद्या शैलीचे यांत्रिक अंग कोठे सुरू होते, हे त्याला तंतोतंत ठाऊक असावे लागते. म्हणजे विडंबन ही शैलीविज्ञानाची प्रात्यक्षिक शाखा ठरते. तरीही वाङ्मयेतिहासात 'झेंडूची फुले'ला जागा मिळते ती विनोदाच्या प्रकरणात. समीक्षेच्या प्रकरणात तिचा उल्लेख ओझरता होतो. खाते चुकले की मूल्यमापनही चुकते, याचे हे ठळक उदाहरण.

अशोक शहाणे यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर "क्ष" किरण' हा १९६३ मधील लेख, किंवा भालचंद्र नेमाडे यांचा लेखकाचा 'लेखकराव' का होतो हे विचारणारा लेख, यांचेही बळ बोलण्याच्या भाषेत आहे. तुच्छता, थट्टा, तिरकस उदाहरणे, मध्येच विषय सोडून मुद्द्यावर परत येणे ही सारी कट्ट्याची साधने. त्यांच्यावर गांभीर्याच्या अभावाचा आरोप करणाऱ्यांनी त्यांचे मुद्दे खोडून काढण्याचे काम टाळले. आरोपाचा हा प्रकार फार सोयीचा असतो: स्वर हलका ठरवला की आशयाला उत्तर द्यावे लागत नाही.

या ठिकाणी दोन सैद्धान्तिक आधार उपयोगी पडतात. हॉयझिंगाने १९३८ च्या 'होमो लूडेन्स'मध्ये दाखवले की गांभीर्य खेळाला बाहेर ठेवू पाहते, पण खेळाला आपल्या पोटात गांभीर्य सहज सामावून घेता येते. म्हणजे या दोन संकल्पना समान पातळीवरील विरोधी जोडी नाहीत. त्यांत खेळ अधिक व्यापक आहे. बाख्तिनने वाक्-प्रकारांविषयीच्या विवेचनात प्राथमिक आणि दुय्यम असा भेद केला. दैनंदिन संभाषण हे प्राथमिक. कादंबरी, शास्त्रीय प्रबंध, भाष्यलेखन हे दुय्यम. येथे दुय्यम म्हणजे कनिष्ठ असे नव्हे. हे गुंतागुंतीचे प्रकार प्राथमिक प्रकारांना शोषून, त्यांचे रूप पालटून घडतात. या दृष्टीने पाहिल्यास गंभीर चर्चेला गप्पांपासून वेळ वाचवायचा नसतो. तिला गप्पांमधून आपला कच्चा माल मिळवायचा असतो. ज्या निबंधामागे कोणतेही संभाषण नाही, त्याच्यात प्रतिपक्षाचा आवाज नसतो, शंकेची चाहूल नसते, उत्तराची अपेक्षा नसते. मराठी चर्चासत्रांतून वाचल्या जाणाऱ्या असंख्य निबंधांची ही अवस्था आहे.

४

एवढ्यावर थांबले तर कट्टावाद्यांना आनंद होईल. तो त्यांना मिळू देण्याचे कारण नाही. गप्पांचे गौरवीकरण हा दुसरा आणि तितकाच घातक भ्रम आहे.

हाबरमासने १९६२ मध्ये अठराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांमधून नागरी सार्वजनिक अवकाश कसा घडला याचे विवेचन केले. तेथे बोलणाऱ्याचा दर्जा बाजूला ठेवून युक्तिवाद पाहिला जाई, हा त्याचा आदर्श. स्टीलने १७०९ मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे 'टॅटलर' हे नावच बडबड्या असा अर्थ देणारे. पण नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये प्रश्न विचारला: दर्जा बाजूला ठेवल्याचे भासवल्याने तो खरोखर बाजूला पडतो काय? स्त्रिया आणि श्रमिक त्या अवकाशात कोठे होते? दीपेश चक्रवर्ती यांनी कलकत्त्याच्या 'अड्ड्या'वर लिहिताना त्याचा उत्सव केला, तरी त्याचे मध्यमवर्गीय आणि पुरुषी रूप त्यांनी झाकले नाही. मराठी कट्ट्यावर असे लिहिणे अद्याप पुरेसे झालेले नाही. झाले आहे ते आठवणींचे लेखन. तेथे नेहमी कोणीतरी अफलातून बोलतो आणि घरी चहा नेहमी कोणीतरी न बोलणारी आणून ठेवते.

'सत्यकथा'चे उदाहरण बोलके आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेल्या प्रदीर्घ चर्चांतून मराठी नवकथा आणि नवकविता घडण्यास मोठे साहाय्य झाले, हे निर्विवाद आहे. गिरगावातील खटाववाडीच्या त्या बोलण्याला कोणत्याही चर्चासत्राची सर येणार नाही. परंतु ते बोलणे बंद खोलीत होते. कोणत्या निकषावर कथा परत गेली, हे खोलीबाहेरच्या लेखकाला कळण्याचा मार्ग नव्हता. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथा'ची होळी केली, तिच्यात केवळ अभिरुचीचा वाद पाहणे अपुरे आहे. अभिरुची जेथे ठरते त्या संभाषणात प्रवेश कोणाला, हा त्यामागचा प्रश्न होता. अनौपचारिकता ही समतेची हमी नव्हे. सभागृहाला निदान दार असते आणि दारावर पाटी असते. कट्ट्याला दार नसल्याने अटकाव कोठे झाला हे दाखवताही येत नाही. निमंत्रण न मिळाल्याची तक्रार करता येते. 'त्या दिवशी आम्ही सहज बसलो होतो' या वाक्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

वेळेची विभागणी ही मुळात ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांची चैन आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. पहाटेच्या दळणात दोघी मिळून रचलेल्या या ओव्यांत सासर, सोयरीक, देव, दुष्काळ, आंबेडकर असे विषय एकाच गतीने येतात. त्यांतील गंभीर कोणते आणि हलके कोणते? दळणारीला काम आणि विचार यांसाठी वेगळा वेळ मिळाला नाही. तिचे भाष्य श्रमाच्या लयीतच झाले. मोकळ्या वेळेची दोन खाती पाडणारा सिद्धान्त तिच्यापुढे मुका होतो. आणि ज्यांच्या भाष्याला ना सभागृह मिळाले ना कट्टा, त्यांचे हे एकच उदाहरण नव्हे.

५

तेव्हा गंभीर किती आणि हलके किती, हा प्रश्न सोडून दिला पाहिजे. त्याऐवजी प्रत्येक चर्चेला, मग ती कोठेही होवो, दोन प्रश्न विचारले पाहिजेत. बोलणारा आपल्या विधानाची जबाबदारी घेतो काय? आणि ऐकणाऱ्याला, मग तो कोणीही असो, उत्तर देण्याची मुभा आहे काय? या कसोटीवर आजची दोन्ही स्थळे नापास होतात. चर्चासत्रात विधानाची नोंद होते, पण त्याला उत्तर मिळत नाही. कट्ट्यावर उत्तर मिळते, पण विधानाची नोंद होत नाही.

चर्चासत्राचा परिपाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, बीजभाषण यांत सकाळ सरते. निबंधवाचकाला पंधरा मिनिटे मिळतात. बाराव्या मिनिटाला सत्राध्यक्षांची चिठ्ठी येते. प्रश्नोत्तरे वेळेअभावी चहापानाच्या वेळी करावीत असे सुचवले जाते. म्हणजे चर्चासत्रातील चर्चा हा भागच आयोजक स्वतः गप्पांच्या खात्यात टाकतात आणि नंतर गप्पांत वेळ जातो म्हणून हळहळतात. उरलेला वेळ निबंधांना मिळतो, त्यांना उत्तर मिळत नाही. पुढे त्यांचे पुस्तक निघते, त्यात निबंध असतात, चर्चा नसते.

याची खरी किंमत मोजतो तो पदव्युत्तर विद्यार्थी. तालुक्याच्या गावाहून आलेला, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारा विद्यार्थी मुक्कामाच्या ठिकाणी रात्री एखाद्या ग्रामीण कादंबरीवर बोलतो, तेव्हा तो लेखकाने बोली कोठे खोटी केली हे शब्दागणिक दाखवू शकतो. पीक, पाणी, भाऊबंदकी, सावकारी यांचे तपशील त्याच्या अनुभवातून तपासले जातात. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी निबंध वाचतो आणि त्यात बार्थच्या 'लेखकाच्या मृत्यू'चा सारांश येतो, संरचना येते, विरचना येते. कादंबरी येत नाही. त्याला कोणी तसे करायला सांगितलेले नसते. रात्रीचे बोलणे म्हणजे गप्पा आणि सकाळचे म्हणजे समीक्षा, हे त्याने वातावरणातून शिकून घेतलेले असते. त्याच्याकडे असलेले एकमेव मौलिक ज्ञान त्याने आपण होऊन बाहेर ठेवले, म्हणजे गांभीर्याच्या वेळापत्रकाचे काम पूर्ण झाले. विद्यार्थिनीची अडचण याहून मोठी आहे, कारण ती रात्रीच्या बैठकीतही नसते. तिचे म्हणणे दोन्ही स्थळी अनुच्चारित राहते.

यावर उपाय अवघड नाहीत; अवघड आहे ती इच्छा. निबंध आधी वितरित करावेत आणि सत्राचा निम्मा वेळ आक्षेपांना राखून ठेवावा. आक्षेप कोणी घेतला, निबंधकाराने काय उत्तर दिले, हे नावानिशी नोंदवून निबंधासोबतच छापावे. पाठभेद 'वासना' म्हणून जपणाऱ्या परंपरेला हे परके वाटू नये. समीक्षेच्या नियतकालिकांनी प्रत्युत्तरांसाठी पाने मोकळी ठेवावीत आणि विडंबन, संवाद, टिपण, पत्र या रूपांतील समीक्षेला समीक्षा म्हणूनच स्थान द्यावे. कट्ट्यावर बसणाऱ्यांनी तेथे दिलेले निवाडे लिहून, सही करून प्रसिद्ध करावेत. ज्यांना ते लिहायचे नाहीत, त्यांनी निदान त्यांच्या आधारे पुरस्कार, अभ्यासक्रम आणि नेमणुका ठरवू नयेत. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला त्याचा निबंध वाचून झाल्यावर विचारावे की काल रात्री तू या पुस्तकाबद्दल काय म्हणत होतास, आणि ते निबंधात का नाही. विद्यार्थिनीला रात्रीची वाट न पाहता भर सत्रात पहिला प्रश्न विचारू द्यावा.

एवढे झाले तर चर्चेतला किती वेळ गंभीर होता हे मोजण्याची गरज कोणाला उरणार नाही. न झाले तर सभागृहे भरत राहतील, कट्टेही भरत राहतील, आणि मराठी समीक्षा दोहोंच्या मधल्या जिन्यात उभी राहील.